सीट लायसन्स म्हणजे स्टेडियममधली पागडी: घ्यायची का, आणि घेतली तर काय बघून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत राहता, आपल्या शहराच्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) संघाची दोन सीझन तिकिटं दहा वर्षं तुमच्याकडे आहेत. जुनं स्टेडियम जाऊन नवं येतंय. वरच्या मजल्यावर, वीस यार्डांच्या रेषेजवळ, आताच्या तोडीच्या दोन जागा हव्या असतील तर प्रत्येकी ७,५०० डॉलरचं सीट लायसन्स (त्या जागेची तिकिटं दरवर्षी घेण्याचा हक्क) घ्या, असं संघाने कळवलंय. शिवाय एका सामन्याचं तिकीट ११० डॉलरवरून १६० वर जातंय. १५,००० डॉलर एकरकमी देणं जड वाटत असेल तर दहा वर्षांचे हप्ते आहेत, ८ टक्के व्याजाने. विक्री प्रतिनिधी म्हणतो, ही गुंतवणूक आहे, पुढे विकता येईल. विक्री केंद्रातली तुमची वेळ दोन आठवड्यांवर आली आहे.

लायसन्स महाग आहे की स्वस्त, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. हे लायसन्स घेतलं की पुढची कित्येक वर्षं, संघ ठरवेल त्या दराने, दरवर्षी तिकिटं घ्यायला तुम्ही बांधील होता. ते बंधन तुम्हाला पेलणार आहे का? १५,००० चा आकडा मोठा दिसतो म्हणून सगळे त्याच्याशीच अडतात. पण खरा पैसा तिकिटांत जातो, आणि त्या दरावर तुमचा काहीही ताबा नाही.

आपल्या माणसाला हा व्यवहार पागडीच्या भाषेत लवकर कळतो. मुंबईतल्या जुन्या चाळीत जशी पागडी मोजून भाडेकरूचा हक्क मिळतो आणि मग महिन्याचं भाडं वेगळं द्यावं लागतं, तसंच इथे लायसन्सचे पैसे एकदाच आणि तिकिटाचे पैसे दरवर्षी. जागा तुमच्या मालकीची होत नाही, जागेवर बसण्याचा हक्क विकत घेण्याचा हक्क मिळतो. दुसऱ्याला देताना मालकाची परवानगी आणि त्याचा वाटा, हेही तसंच. दोन फरक मात्र मोठे आहेत. पागडीत भाडं कायद्याने जवळजवळ गोठलेलं असतं, म्हणून तर त्या हक्काला किंमत येते. इथे ‘भाडं’ मालक दरवर्षी वाढवू शकतो. आणि चाळ पाडून नवी इमारत झाली तर पागडीवाल्याला नव्या इमारतीत जागा मिळते. स्टेडियम पाडलं की लायसन्स संपतं. नव्या स्टेडियमसाठी नवं लायसन्स, आणि जुन्याचे पैसे किती वळते करायचे ते संघाच्या मर्जीवर. नॅशव्हिलच्या टायटन्सचं स्टेडियम १९९९ चं, नवं २०२७ मध्ये उघडायचंय. जुन्यातही लायसन्स होतंच आणि नव्यातही नवं घ्यावं लागतंय.

संघाला ही पद्धत इतकी का आवडते हेही समजून घ्या, त्याने बोलणी करताना भान राहतं. एनएफएलमध्ये तिकीटविक्रीच्या उत्पन्नातला ३४ टक्के वाटा पाहुण्या संघांच्या सामायिक निधीत जातो. लायसन्सचा पैसा स्टेडियमच्या बांधकामात घातला तर लीगच्या मंजुरीने तो या वाटणीतून सुटतो. म्हणजे तोच डॉलर तिकिटातून घेतला तर मालकाच्या हाती ६६ सेंट राहतात, लायसन्समधून घेतला तर पूर्ण. शार्लटच्या पँथर्सनी १९९३ मध्ये, संघ मिळण्याची घोषणा होण्याआधीच, लायसन्स विकून स्टेडियमचा पैसा उभा केला. तिथून हे लोण पसरलं. २००९ मध्ये डॅलसच्या नव्या स्टेडियमात दर २,००० पासून दीड लाख डॉलरपर्यंत गेले. सांता क्लारात २०१४ मध्ये २,००० ते ८०,००० होते. नावं बदलतात (कुठे पीएसएल, कुठे एसबीएल, कुठे एसएसएल), करार साधारण एकाच घाटणीचे.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. सीझन तिकिटाच्या गठ्ठ्यात सराव सामने धरून घरचे दहा सामने असतात. एका वर्षी नियमित मोसमाचे नऊ आणि सरावाचा एक, दुसऱ्या वर्षी आठ आणि दोन. संघाला लंडन किंवा म्युनिकला ‘घरचा’ सामना खेळायला पाठवलं की त्या वर्षी एक कमी. १६० डॉलरने दोन सीटचे दहा सामने म्हणजे पहिल्या वर्षी ३,२०० डॉलर. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत तिकिटांचेच सुमारे ४०,२५० होतात. लायसन्सचे १५,००० दहा वार्षिक हप्त्यांत फेडले तर हप्ता २,२३५ च्या आसपास आणि एकूण २२,३५० होतात, म्हणजे व्याजच ७,३५० च्या घरात. दोन्ही मिळून ६२,६००. शंभर सामन्यांवर वाटले तर दर सामन्याला दोघांचे ६२६ डॉलर. यात पार्किंग नाही, खाणंपिणं नाही.

तीस वर्षांचं गणित केलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. वार्षिक ५ टक्के वाढीने तिकिटांचे २,१२,६०० डॉलर होतात. वाढ ३ टक्केच धरली तरी दीड लाखाच्या वर. लायसन्सच्या १५,००० पेक्षा दरवाढीचा एखादा टक्का इकडेतिकडे होणं तुम्हाला जास्त महागात पडतं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो दरवाढीचा: पहिली किती वर्षं तिकिटाचा दर गोठवलाय, त्यानंतर वाढीला मर्यादा आहे का, आणि हे करारात कुठल्या कलमात लिहिलंय? काही संघ पहिली दोन-तीन वर्षं दर स्थिर ठेवायचं आश्वासन देतात. त्यापुढची मर्यादा क्वचितच कुणी देतं. ‘आम्ही सहसा फार वाढवत नाही’ हे उत्तर धरून चालू नका.

हप्त्यांबद्दल माझं मत ठाम आहे. दोन, फार तर तीन वर्षांत रोखीने फिटत नसेल तर ती सीट आपल्यासाठी नाही, एक-दोन दरपट्टे स्वस्त असलेली बघावी. कारण दहा वर्षांच्या हप्त्यात मधेच बाहेर पडणं अवघड होतं. समजा पाच हप्ते भरून झाले आणि शहर सोडायची वेळ आली. तुमच्या आकड्यांत तेव्हा सुमारे ८,९०० डॉलर मुद्दल बाकी असेल. बाजारात लायसन्सला सीटमागे ३,००० आले तर दोन्हींचे ६,०००. म्हणजे पाच वर्षांत ११,००० हून जास्त भरून, हक्क विकूनही खिशातले २,९०० घालावे लागतील. बहुतेक करारांत पूर्ण फेड झाल्याशिवाय हस्तांतर होत नाही, किंवा घेणाऱ्याने उरलेली बाकी संघाच्या संमतीने अंगावर घ्यावी लागते. मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, आणि कर्ज संघाचं आहे की बँकेचं, हेही विचारून घ्या. बँकेचं असेल तर हप्ता चुकल्याचा डाग थेट तुमच्या क्रेडिटवर.

तिकिटाचे पैसे एका वर्षी भरले नाहीत तर काय होतं? नेहमीच्या करारात उत्तर एकच असतं: लायसन्स जप्त, सीट संघाकडे परत, भरलेले पैसे परत नाहीत. काही करारांत वर उरलेले हप्तेही मागता येतात. हे नुसतं कागदावर राहत नाही. वॉशिंग्टनच्या संघाने महागड्या सीटचे अनेक वर्षांचे करार अर्धवट सोडणाऱ्या प्रेक्षकांवर खटले भरले होते आणि २००९ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. ते लायसन्स नव्हतं, बहुवार्षिक करार होते, पण बंधनाची जात तीच. तुमच्या करारात ‘थकबाकी’चं कलम शोधा आणि दोन गोष्टी बघा: सवलतीचे दिवस किती, आणि जप्तीनंतर देणं संपतं की उरतं. जप्तीनंतर देणं संपत असेल तर तुमचा जास्तीत जास्त तोटा आजच ठरलेला आहे. उरत असेल तर तो किती होईल हे ठरलेलं नाही, आणि अशा कागदावर वकिलाच्या नजरेशिवाय सही करू नये.

आता ‘गुंतवणूक’ या शब्दाकडे. प्रतिनिधी तो शब्द तोंडी वापरतो, पण करारात बहुधा नेमकं उलट लिहिलेलं असतं: ही गुंतवणूक नाही, किंमत वाढेल अशी अपेक्षा घेणाऱ्याने ठेवलेली नाही. ते वाक्य शोधून त्याला दाखवा. बाजाराचा अनुभव संमिश्र आहे. जिथे प्रतीक्षायादी दशकानुदशकं लांब आहे आणि मूळ दर कमी होता, उदाहरणार्थ पिट्सबर्ग, तिथे लायसन्स मूळ किमतीच्या वर विकली गेली. जायंट्स आणि जेट्स या दोन संघांच्या, न्यू जर्सीत २०१० ला उघडलेल्या सामायिक स्टेडियमात उलट झालं. जायंट्सनी सगळ्या सीटवर १,००० ते २०,००० डॉलरचं लायसन्स लावलं. जेट्सनी वरचा मजला, साधारण २७,००० जागा, मोकळा सोडला आणि खाली महागडे दर लावले. खप होईना तेव्हा जेट्सना हजारो सीटचे दर कमी करावे लागले. तिथली कितीतरी लायसन्स नंतर मूळ किमतीच्या बरीच खाली विकली गेली.

यातून एक ढोबळ नियम निघतो. विक्रीच्या दिवशी दर जितका चढा, तितकी पुढे वाढायला जागा कमी, कारण ती वाढ संघाने आधीच वसूल केलेली असते. स्वस्त पट्ट्यातली लायसन्स म्हणूनच टक्केवारीत बरी टिकतात. आणि संघ पाच-सहा वर्षं हरत राहिला तर सगळ्याच पट्ट्यांना ओहोटी लागते. फेरविक्रीच्या संकेतस्थळावर बघायला गेलात तर मागितलेल्या किमती सोडून द्या आणि पूर्ण झालेल्या व्यवहारांच्या बघा. एखाद्या सीटला १२,००० मागितले असतील आणि ती वर्षभर तशीच पडून असेल, तर त्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माझा हिशेब नेहमी लायसन्सची फेरविक्री किंमत शून्य धरून असतो. शून्य धरूनही जमत असेल तर घ्यावं. पुढे काही आलं तर ते वरकड.

काही ठिकाणी परतफेडीचं आमिष असतं. लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी लायसन्सची रक्कम ५० वर्षांनी बिनव्याजी परत द्यायची योजना केली. ऐकायला छान वाटतं, पण ३ टक्के महागाईने ५० वर्षांनंतरच्या १५,००० डॉलरची आजची किंमत ३,४०० च्या आसपास येते. तुमच्या करारात असं काही असेल तर रकमेच्या पाव भागाहूनही कमी सूट मिळाली, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

संघच शहर सोडून गेला तर? सेंट लुईसमध्ये १९९५ ला लोकांनी लायसन्स घेतली आणि २०१६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. करारातल्या शब्दांवरून खटले चालले आणि २०१९ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतची तडजोड झाली. नव्या स्टेडियमच्या बाबतीत हा धोका कमी असतो, कारण संघ बहुधा तीस वर्षांच्या भाडेकरारात बांधलेला असतो. पण लायसन्सची मुदत किती वर्षांची हे नक्की बघा. ‘स्टेडियमच्या आयुष्यभर’ आणि ‘तीस वर्षं’ यांत फरक आहे. ओकलंडमध्ये १९९५ ची लायसन्स दहाच वर्षांची होती.

विक्री केंद्रात काय होतं ते आता सांगतो, कारण चुका तिथेच होतात. तुमच्या ज्येष्ठतेनुसार वेळ मिळते. मोठ्या पडद्यावर स्टेडियम फिरवून दाखवतात, सीटवरून मैदान कसं दिसेल ते दिसतं, आणि त्याच तासात निवड करायची असते. नंतर करार ई-सहीसाठी येतो. म्हणून निवडीच्या आधी, निदान आठवडाभर अगोदर, ईमेल करून दोन गोष्टी मागून घ्या: कराराचा पूर्ण मसुदा आणि दरांचा नकाशा. मसुदा ‘त्या दिवशी मिळेल’ असं सांगितलं तर सही त्या दिवशी होणार नाही, हे लेखी कळवा. लायसन्सच्या दरात घासाघीस सहसा होत नाही. पण अनामत किती, पहिला हप्ता कधी, दोन पर्याय दोन दिवस राखून ठेवता येतील का, यावर प्रतिनिधीच्या हातात थोडं असतं.

दरांच्या नकाशात पट्ट्यांच्या सीमा शोधा. दर विभागानुसार किंवा रांगेनुसार बदलतात, आणि सीमेवर एकच रांग मागे किंवा एकच विभाग बाजूला सरकलं की दर एकदम खाली येतो. महाग पट्ट्याच्या शेवटच्या रांगेतून आणि स्वस्त पट्ट्याच्या पहिल्या रांगेतून दिसणाऱ्या मैदानात जेमतेम फूट-दोन फुटांचा फरक असतो. हा फरक हजारो डॉलरचा असू शकतो, आणि पडद्यावर तो आपणहून कुणी दाखवत नाही.

सीट निवडताना माझा कल वरच्या मजल्याच्या कोपऱ्यांकडे असतो. कोपऱ्यातून, थोड्या उंचीवरून, पूर्ण मैदान तिरकं दिसतं, बचावफळी कशी मांडली आहे ते कळतं, आणि दर मधल्या पट्ट्याच्या निम्म्यानेही कमी असू शकतो. खालच्या मजल्याच्या अगदी पुढच्या रांगा मोहात पाडतात, पण कडेला उभे असलेले खेळाडू आणि कॅमेरेवाले तिथून दृश्य अडवतात. वरच्या मजल्याच्या पहिल्या दोन-तीन रांगांसमोर कठडा आणि ये-जा करणारी माणसं असतात. ‘समोर अडथळा आहे का’ हे त्या विशिष्ट सीट क्रमांकासाठी विचारा, विभागासाठी नाही.

ऊनही बघा. बरीच स्टेडियमं उत्तर-दक्षिण बांधलेली असतात, त्यामुळे दुपारी एकच्या सामन्यात पूर्वेकडच्या स्टँडच्या तोंडावर मावळतीपर्यंत ऊन येतं आणि पश्चिमेकडचा सावलीत जातो. सांता क्लारामध्ये पूर्वेच्या बाजूला सप्टेंबरच्या उन्हाच्या तक्रारी पहिल्याच मोसमात झाल्या. गरम प्रदेशात असाल तर पश्चिम बाजूला जास्त मोजण्यात अर्थ आहे. बफेलोसारख्या ठिकाणी मात्र डिसेंबरात तेच ऊन हवंहवंसं वाटतं. छताची पुढची कड जिथे संपते तिथल्या रांगा टाळा, पाऊस आणि वितळता बर्फ थेट तिथेच गळतो.

तुलनेसाठी तुमच्याच आकड्यांशेजारी दुसरा पर्याय मांडून बघा. कोपऱ्यातली सीट, लायसन्स १,५०० डॉलर रोख, तिकीट ९५, असं धरू. दोघांचं लायसन्स ३,००० आणि दहा वर्षांची तिकिटं ५ टक्के वाढीने २३,९००. एकूण २६,९००, म्हणजे सामन्याला २६९ डॉलर. दोन्ही पर्यायांत दहा वर्षांत ३५,७०० चा फरक. त्या मधल्या सीटसाठी दर रविवारी साडेतीनशे डॉलर जास्त मोजावेसे वाटतात का, असं स्वतःला विचारा. काहींना वाटतात, आणि त्यात चूक नाही. पण आकडा समोर ठेवून ठरवावं.

तिसरा पर्याय लायसन्स न घेण्याचा. वर्षातून पाच-सहा सामनेच बघत असाल तर सुटी तिकिटं घेणं बहुधा स्वस्त पडतं, आणि हव्या त्या बाजूला, हव्या त्या हवेत बसता येतं. ‘न गेलेले सामने विकू’ हा हिशेब जरा कडक करा. सराव सामन्यांच्या तिकिटाला दर्शनी किमतीच्या निम्मेही बऱ्याचदा येत नाहीत, आणि विकणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन साधारण १० ते १५ टक्के जातं. चांगल्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला नफा होतो, पण नेमका तोच सामना आपल्यालाही बघायचा असतो. शिवाय बहुतांश तिकिटं विकणाऱ्या खात्यावर संघ दलाल म्हणून शिक्का मारतात आणि हक्क काढून घेऊ शकतात. किती विक्री चालते ते विचारून ठेवा.

थांबून, स्टेडियम उघडल्यानंतर दोन-तीन वर्षांनी फेरविक्रीत लायसन्स घेणं हाही मार्ग आहे. न्यू जर्सीत थांबलेल्यांचा फायदा झाला. पण हे गावागणिक बदलतं. बफेलोचं नवं स्टेडियम सुमारे ६२,००० आसनांचं आहे, जुनं ७१,००० च्या वर होतं. जागाच कमी झाल्या आणि मागणी तुडुंब असली की थांबणाऱ्याला जास्त मोजावे लागू शकतात. तुमच्या शहरात नवं स्टेडियम जुन्यापेक्षा लहान आहे का, आणि प्रतीक्षायादी अनामत भरून घेतलेली आहे की फुकट नाव नोंदवलेली, या दोन गोष्टींवरून थांबायचं की नाही ते ठरवा. फुकटच्या यादीतली निम्मी माणसं दर ऐकून गळतात.

तुम्ही व्हिसावर आहात की नाही ते लिहिलेलं नाही, पण आपल्या लोकांसाठी हा मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे. एच-१बीवर नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची मुभा असते, आणि हातात दहा वर्षांचा करार. अशा वेळी हप्त्याचं लायसन्स अजिबात घेऊ नये. रोखीचं, लहान रकमेचं, आणि जप्तीनंतर देणं संपणारं असेल तरच विचार करावा. तिकिटांची सातत्याने फेरविक्री करणार असाल तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा, कारण अधूनमधून एखादं तिकीट विकणं आणि नियमित धंदा करणं यांत कायदा फरक करतो. कराच्या बाजूनेही एक असमतोल आहे: लायसन्स नफ्यात विकलं तर त्या नफ्यावर कर लागतो, पण स्वतःच्या वापरासाठी घेतलेलं तोट्यात विकलं तर तो तोटा वजा मिळत नाही.

मित्रांमध्ये वाटून घ्यायचा विचार असेल तर (चार सीट, दोन कुटुंबं, हे मंडळांच्या ओळखीतून बरंच चालतं) लायसन्स एकाच्याच नावावर असतं हे विसरू नका. संघ फक्त त्यालाच ओळखतो. एका पानाचा करार करा: कोण किती टक्के भरणार, सामने निवडायची पाळी दरवर्षी कशी फिरणार, प्लेऑफची (मोसमाअखेरच्या बाद फेरीची) तिकिटं कोणाला, आणि एकाने सोडलं तर त्याचा वाटा दुसऱ्याने कोणत्या दराने घ्यायचा. ‘शेवटच्या सहा महिन्यांतल्या झालेल्या व्यवहारांची सरासरी’ असा काहीतरी मोजता येणारा दर लिहा. प्लेऑफचं विशेष लिहायचं कारण, काही करारांत घरच्या प्लेऑफ सामन्याचे पैसे ज्याचं कार्ड आहे त्याच्याकडून आपोआप कापले जातात.

पती-पत्नी असाल तर खातं दोघांच्या नावावर करता येतं का ते पहिल्याच दिवशी विचारा. मुलांना किंवा जोडीदाराला देताना हस्तांतर शुल्क माफ असतं का, बाहेरच्याला देताना किती, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत खिडकी उघडते, आणि पहिली किती वर्षं हस्तांतर बंद आहे, हे एकाच कलमात सापडेल. सुपर बोलच्या (लीगच्या अंतिम सामन्याच्या) तिकिटावर सर्वसाधारणपणे या लायसन्सने हक्क मिळत नाही. मैफली आणि इतर खेळांसाठी ‘आधी खरेदीची संधी’ मिळते, पण ती संधी त्याच सीटची असते की कुठल्याही सीटची, हे करारागणिक वेगळं. नूतनीकरण झालं तर संघ तुम्हाला ‘तुल्य’ जागी हलवू शकतो असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. तुल्य कोण ठरवणार हे वाचा. संघ एकटाच ठरवणार असेल तर निदान तसं झाल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे परत, एवढं मागून बघा. मिळण्याची शक्यता कमी, पण विचारल्याचं लेखी राहतं.

शेवटची गोष्ट सहीच्या वेळची. पिट्सबर्गमध्ये १९९८ च्या सुमाराला लोकांनी माहितीपत्रकातला नकाशा बघून अर्ज केले. नंतर आलेल्या करारातल्या नकाशात विभागांच्या सीमा वेगळ्या निघाल्या आणि काहींना अपेक्षेपेक्षा बाजूच्या सीट मिळाल्या. खटला पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. करारात ‘हाच संपूर्ण करार, आधीचं सगळं रद्द’ असं कलम होतं, त्यामुळे माहितीपत्रक धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा विक्री केंद्रात पडद्याचा फोटो काढा, त्यात विभाग, रांग आणि सीट क्रमांक दिसू द्या. प्रतिनिधीने तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच संध्याकाळी ईमेलने त्याला लिहून पाठवा आणि ‘हे करारात कोणत्या कलमात आहे’ असं विचारा. कलम सांगता आलं नाही तर ते आश्वासन नाही असंच धरा. ई-सहीचा कागद आला की आधी शेवटची परिशिष्टं उघडून विभाग, रांग, सीट, लायसन्सची रक्कम आणि हप्त्यांचं कोष्टक हे सगळं फोटोशी ताडून बघा. एक आकडा जरी वेगळा असला तर सही करू नका, दुरुस्त कागद मागवा.